सात की साठ? एका कोकणी हॅमच्या मॉड्युलेशनचं प्रकरण

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला अण्णांचं घर आहे. ते हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, आणि मॉड्युलेशन म्हणजे त्यांचा रेडिओवरून जाणारा आवाज. नाव, कॉलसाइन (स्टेशनचं ओळखनाव) आणि गाव देत नाही, लिहायला परवानगी त्याच अटीवर मिळालीय, बाकी जे घडलं ते तसंच्या तसं मांडतोय. अण्णा हायस्कुलात गणित शिकवायचे. रिटायर झाल्यावर डब्ल्यूपीसीची, म्हणजे वायरलेसचं लायसन देणाऱ्या सरकारी खात्याची, परीक्षा देऊन जनरल ग्रेडचं लायसन काढलं आणि तेव्हापासून रोज सकाळी सातला ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, एलएसबीत (आवाज पाठवायची एक पद्धत), आमच्या नेटला, म्हणजे ठरल्या वेळी सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमतात तिथे, हजर, एक दिवस चुकवत नाहीत. मी कणकवलीचा, त्याच नेटवर असतो, त्यामुळे हे प्रकरण पहिल्या दिवसापासून पाहिलंय आणि बऱ्याच ठिकाणी मी स्वतः हात घातलाय.

रिग, म्हणजे रेडिओ सेट, आयकॉमची आयसी-७३००, १०० वॅटची. अँटेना आधी दोन माडांच्या मध्ये डायपोल (मधोमध केबल जोडलेली वायर) होती, पण वानरांनी ती दोनदा तोडली, म्हणून अण्णांनी एंड फेड हाफ वेव्ह, म्हणजे एका टोकाला केबल जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची, केली. साधारण २० मीटरची एकच वायर, माळ्याच्या खिडकीतून थेट माडाच्या शेंड्याला, आणि ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर खिडकीच्या चौकटीलाच स्क्रूने मारलेला. तिथून रिगपर्यंत कोॲक्स (अँटेनाची केबल) जेमतेम पाच मीटर, तीही इन्व्हर्टरच्या वायरींना खेटून आलेली. एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते त्याचं माप) सुंदर होता, त्यामुळे अँटेनाकडे परत कोणी बघितलंच नाही.

आणि माइक. वाढदिवसाला मुलाने पुण्याहून स्टुडिओचा कंडेन्सर माइक आणि छोटा मिक्सर पाठवला होता. अण्णांना आपला आवाज आकाशवाणीच्या निवेदकासारखा भारदस्त यावा असं वाटायचं, त्यात काही गैर नाही, आम्हा सगळ्यांनाच वाटतं. रिगसोबत आलेला हँड माइक त्यांनी पिशवीत घालून कपाटात ठेवून दिला.

नेमका त्रास काय होता

आमचं नेट फक्त गप्पांचं नाही. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे लाईट आणि मोबाईल कित्येक दिवस बंद होते, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आख्ख्या किनाऱ्याला घासून गेलं, आणि २२ जुलै २०२१ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना रेडिओवरचा एक शब्द नीट पोचणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. म्हणून पावसाळ्याआधी आम्ही सराव करतो, बनावट निरोप एकमेकांना देतो आणि कोणी काय लिहून घेतलं ते नंतर ताडून बघतो.

एप्रिलच्या सरावात अण्णांनी निरोप दिला, "सात जखमी, दोन गरोदर महिला, बोट हवी." कोल्हापूरकडच्या नेट कंट्रोलने, म्हणजे नेट चालवणाऱ्या स्टेशनने, लिहिलं साठ जखमी. गोव्याच्या स्टेशनने लिहिलं आठ. एकाने तर जखमीच्या जागी रिकामी जागा सोडली. मी बरोबर "सात" लिहिलं, पण खरं सांगायचं तर मी अण्णांचा आवाज रोज ऐकतो म्हणून अंदाजाने लिहिलं, ऐकून नव्हे.

गंमत बघा, ह्याच चौघांनी पाच मिनिटांपूर्वी चेक-इनच्या वेळी अण्णांना "फाइव्ह नाइन, अण्णा, सुंदर मॉड्युलेशन" असा रिपोर्ट दिला होता, त्यात मीही होतो. रिपोर्टमधला नऊ हा सिग्नलचा जोर, तो मीटरवर दिसतो आणि तो खरा होता. पाच म्हणजे किती समजतं, तो आम्ही सगळे सवयीने आणि अण्णांच्या वयाचा मान म्हणून देत होतो. प्रत्यक्षात तो तीनच होता. कदाचित वर्षभर तीन होता. एवढा मोठा काळ ज्या माणसाला कोणी खरं सांगत नाही तो दुरुस्ती करणार तरी कशी? मला ह्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलं ते हे.

आवाज ऐकायला कसा होता ते सांगतो. खालचा भाग घुमणारा, हंडीत तोंड घालून बोलल्यासारखा. शब्दांच्या मधल्या जागेत पंख्याची घरघर आणि मागे कोंबडा सुद्धा वर उचलून यायचा. बारीक हं असा आवाज कायम. आणि जोरात बोलले की अक्षराच्या सुरुवातीला करकर, कागद चुरगळल्यासारखी. आमच्या फ्रिक्वेन्सीच्या पाच किलोहर्ट्झ वर बसलेल्या एका स्टेशनने तर दोनदा तक्रार केली होती की तुमचा आवाज आमच्याकडे सांडतोय.

मराठीत ह्याचा फटका आकड्यांना पहिला बसतो. सात, साठ, आठ. सतरा, सत्तर. फरक एखाद्या व्यंजनाचा. आवाजातली ताकद बहुतेक स्वरांमध्ये आणि खालच्या पट्टीत असते, पण अर्थ वेगळा करणारी व्यंजनं कमजोर आणि वरच्या पट्टीत असतात, त्यात "स"चा तर मोठा भाग ४ किलोहर्ट्झच्याही वर, जो एसएसबीच्या (एलएसबी हा त्याचाच प्रकार) साधारण २.७ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात मावतच नाही. म्हणजे जे थोडंफार उरतं तेच जपायचं असतं, आणि अण्णांच्या सेटिंगमध्ये नेमकं तेच बुडत होतं.

समोर काय काय पर्याय होते

अण्णांचं पहिलं म्हणणं, लिनिअर, म्हणजे पॉवर वाढवणारं यंत्र, घेऊया, पॉवर वाढली की समजेल. हे मी लगेच नको म्हटलं. १०० चे ४०० वॅट केले तरी वाढ ६ डीबी, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर एक एस-युनिट (मीटरवरची एक पायरी), आणि घोगरा आवाज चौपट पॉवरने घोगराच जाणार, वर शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर जास्त सांडणार.

दुसरा पर्याय त्यांच्या मुलाने सुचवला, अजून चांगला माइक आणि वेगळं प्रोसेसर युनिट. तिसरा, सगळी सेटिंग मुळापासून परत लावायची. चौथा, अर्थिंग आणि अँटेना तपासायची. पाचवा पण होताच, काही करायचं नाही, कारण गप्पांपुरतं चाललं होतं. तो अण्णांनीच बाजूला सारला. म्हणाले, "सातचे साठ झाले तर खऱ्या वेळी बोट सोडून जहाज मागवतील, आणि जिकडे खरे साठ आहेत तिकडे कोणीच जाणार नाही." गणिताच्या मास्तरांचं बोलणं.

मी सेटिंगच्या बाजूने होतो. पण सुरुवात भलतीकडूनच झाली, आणि त्याला कारण झालं लाईट जाणं.

पहिला निर्णय, आणि तो का चुकला

सरावानंतर चारेक दिवसांनी सकाळच्या नेटमध्ये अण्णांकडची लाईट गेली. त्यांनी रिग बॅटरीवर घेतली, मिक्सर पॉवर बँकेवर लावला आणि बोलत राहिले. बेळगावच्या स्टेशनने लगेच सांगितलं, अण्णा आता काय केलंत, आवाज एकदम साफ झाला, हं गेला, करकर पण गेली.

आम्हाला वाटलं सापडलं. लाईटवर त्रास आहे, बॅटरीवर नाही, म्हणजे अर्थिंगचा दोष. कोकणात हे पटायला सोपं, कारण आमच्याकडे खाली जांभा, उन्हाळ्यात तो कोरडा ठणठणीत असतो आणि अर्थ नीट मिळत नाही हे प्रत्येक वायरमनला माहीत. मग दोन रविवार आम्ही विहिरीच्या बाजूला पहारीने खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घातलं, तांब्याची पट्टी खिडकीपर्यंत आणली. एप्रिलचं ऊन, जांभ्यावर पहार मारली की हाताला झिणझिण्या. तिसऱ्या सोमवारी अण्णा मोठ्या उत्साहाने नेटवर आले आणि आवाज होता तसाच.

आता मागे वळून बघताना चूक स्वच्छ दिसते. लाईट गेली तेव्हा नुसती एक नव्हे, दोन गोष्टी बदलल्या होत्या. बॅटरी पुरावी म्हणून अण्णांनी पॉवर १०० वरून ३० वॅटवर आणली होती, आणि हे त्यांनी सांगितलं नाही कारण कोणी विचारलंच नाही. हं गेला तो ॲडॉप्टर बंद झाल्यामुळे, मिक्सरचा ॲडॉप्टर आणि रिगचा सप्लाय दोन्ही लाईटवर असले की त्यांच्यात वायरींचा बंद फेरा, म्हणजे लूप, होत होता. करकर गेली ती पॉवर कमी झाल्यामुळे. आम्ही दोन आजार एक समजलो आणि तिसऱ्याच जागी औषध दिलं. अर्थचा खड्डा वाया गेला असं मी म्हणणार नाही, घराच्या सुरक्षेला तो चांगलाच आहे, पण ज्यासाठी केला त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

देवाकडचा दिवा

खरा धागा अण्णांच्या घरच्या काकींनी दिला. मी त्या दिवशी चहा पीत पडवीत बसलो होतो, अण्णा वर माळ्यावर कोणाशी तरी बोलत होते, आणि काकी देवघरातून बाहेर येऊन खालूनच त्यांना ओरडल्या, "तुमी बोलूक लागलास काय देवाकडलो बल्ब नाचता!"

मी आत जाऊन बघितलं. देवघरात झिरोचा एलईडी बल्ब, आणि वरून अण्णांचा आवाज जसा चढेल तसा तो बल्ब लुकलुकत होता, "हॅलो" ला जोरात, "ओव्हर" ला मंद, अक्षरा-अक्षरावर. अण्णा थांबले की बल्ब शांत. दोन मिनिटं मी नुसता बघत उभा राहिलो. आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची ताकद, आख्ख्या घरात फिरत होता. मग वर जाऊन अण्णांना विचारलं, माइकला ओठ लागला की काही होतं का? म्हणाले, हो, कधी कधी मुंगी चावल्यासारखं होतं, मला वाटलं माइकची जाळी धारदार आहे.

एंड फेड अँटेना वायरच्या एका टोकाला फीड होते, करंटला परतीची वाट कुठूनतरी लागतेच, आणि वेगळा काउंटरपॉइज (परतीच्या करंटसाठी जोडलेली वायर) नसला की ती वाट म्हणजे कोॲक्सची बाहेरची जाळी. इथे ट्रान्सफॉर्मर खिडकीला, कोॲक्स पाच मीटर, म्हणजे अँटेनाचा अर्धा कारभार घरातच चालला होता. तो करंट रिगच्या बॉडीवर, मिक्सरच्या वायरीत, तिथून माइकच्या सर्किटात आणि तिथून परत आवाजात. एसडब्ल्यूआर मीटर ह्यातलं काहीही दाखवत नाही.

काय काय केलं

ह्यावेळी ठरवलं की एकावेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक वेळी रेकॉर्डिंग करायचं. कोणाचंही मत घ्यायचं नाही, फक्त रेकॉर्डिंग.

पहिल्यांदा अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर, लावला. माझा छोटा एसएसबी रिसीव्हर खळ्यात, म्हणजे अंगणात, ठेवला, डमी लोडमधून जेवढं झिरपतं तेवढं तिथे व्यवस्थित येतं, आणि वायरने फोनमध्ये रेकॉर्ड केलं. करकर पूर्ण गायब. पण आवाज घुमणारा होता तो घुमणाराच, पंखा होता तो तसाच. म्हणजे आरएफचा दोष वेगळा आणि सेटिंगचा वेगळा, हे पहिल्यांदा डोळ्यांसमोर, खरं म्हणजे कानांसमोर आलं.

मग अँटेना परत लावून पुण्याच्या एका हॅममित्राला सांगितलं की तू रेकॉर्ड कर. मोकळी फ्रिक्वेन्सी बघून, कॉलसाइन देऊन अण्णांनी एकच वाक्य चार वेळा वाचलं, १०० वॅट, ७० वॅट, ४० वॅट, २० वॅट. वाक्य मुद्दाम आकड्यांचं ठेवलं होतं, सात, साठ, आठ, सतरा, सत्तर. ४० च्या खाली करकर नाही, ७० ला सुरू, १०० ला भरपूर. त्या मित्राने पहिल्यांदा व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट करून पाठवली, ती ऐकून काहीच ठरवता येत नव्हतं कारण व्हॉइस नोट आवाज दाबून पाठवते, मग त्याला सांगून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवली. तुम्ही कोणी हे करणार असाल तर ह्या बारीक गोष्टीत वेळ घालवू नका, सुरुवातीलाच फाइल मागा.

इथे एक निर्णय होता, आधी आरएफ की आधी सेटिंग. सेटिंग फुकट आणि पाच मिनिटांचं काम, म्हणून मोह होत होता. पण आरएफ आवाजात मिसळलेला असताना बास-ट्रेबल लावणं म्हणजे गढूळ पाण्यात मीठ किती ते चाखून बघणं, म्हणून आधी आरएफ.

फेराइटचे टोरॉइड, म्हणजे गोल कड्या, आमच्याकडे मिळत नाहीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कोणीतरी आणेपर्यंत आठ दिवस गेले. २४० साइजचे, म्हणजे २.४ इंच व्यासाचे, ३१ मिक्सचे (फेराइटच्या मिश्रणाचा नंबर) दोन. हे मिक्स महत्त्वाचं आहे, कुठलाही काळा गोल फेराइट चालत नाही, खालच्या एचएफ बँडला ३१ चांगलं काम करतं. त्यावर आरजी-५८ कोॲक्सचे बारा वेढे, की झाला चोक, तो कोॲक्सच्या बाहेरून येणारा करंट अडवतो. आणि ट्रान्सफॉर्मर खिडकीवरून काढून परड्याच्या टोकाला गडग्याजवळ एका खांबावर नेला, वायर तिथून माडावर, त्यामुळे कोॲक्स वीसेक मीटर झाली आणि इन्व्हर्टरच्या वायरींपासून लांब गेली. एक चोक ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटरवर, म्हणजे मधला तेवढाच कोॲक्सचा तुकडा काउंटरपॉइजचं काम करेल आणि पुढे करंट जाणार नाही, दुसरा चोक घरात शिरायच्या जागी. सगळे जोड सेल्फ-ॲमलगमेटिंग टेपने बंद केले, खाडीची खारी हवा पीएल-२५९ कनेक्टरला एका पावसाळ्यात हिरवं करते.

अण्णांनी १०० वॅटवर "हॅलो" म्हटलं आणि आम्ही दोघं रेकॉर्डिंगची वाट न बघता खाली देवघराकडे बघत होतो. काकी दारात उभ्या होत्या. बल्ब हलला नाही.

मग माइकचा प्रश्न. हा सगळ्यात अवघड होता, तांत्रिक कारणाने नव्हे. मुलाने प्रेमाने दिलेली वस्तू बाजूला ठेवायची होती. कंडेन्सर माइक वाईट नव्हता, पण तो माळ्यावरचं सगळं उचलत होता, पंखा, कौलं, कोंबडा, आणि मिक्सर म्हणजे आरएफ शिरायला अजून तीन वायरी आणि हं साठी एक ॲडॉप्टर. मी अण्णांना काही सांगितलं नाही. दोन्ही माइकवर तेच आकड्यांचं वाक्य वाचायला लावलं, फाइलींना फक्त एक आणि दोन नंबर दिले, आणि त्यांना म्हटलं निरोप लिहायचा असेल तर कुठला घ्याल. त्यांनी दोन नंबर निवडला. तो कपाटातला हँड माइक होता. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पहिल्यात मी बरा वाटतो, दुसऱ्यात मी समजतो."

ह्यात एक शरीराची गोष्ट पण आहे. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतून पण ऐकू येतो, म्हणून तो आतून जाड वाटतो, आणि रेकॉर्डिंगमधला आपलाच आवाज पातळ आणि परका वाटतो. मग माणूस बास वाढवत जातो, ओळखीचा वाटेपर्यंत. अण्णांचा बास पूर्ण वर, +५ वर होता, ट्रान्समिट बँडविड्थ वाइड, म्हणजे १०० ते २९०० हर्ट्झ. आता बऱ्याच रिसीव्हरचा फिल्टर खाली ३०० च्या आसपास कापतो, म्हणजे त्याखाली घातलेली पॉवर समोरच्याला ऐकूच जात नाही, नुसती खर्च होते.

सेटिंग शेवटी अशी झाली. बँडविड्थ मिड, ३०० ते २७००. बास −३, ट्रेबल +३. माइक गेन आधी ७५ टक्के होता तो ४० च्या आत आणला, असा की जोरात बोलताना सुद्धा एएलसीचा, म्हणजे आवाज जास्त झाला की पॉवर आवरणाऱ्या सर्किटचा, काटा त्याच्या पट्ट्याच्या मध्यापर्यंतच जावा. कॉम्प्रेसर, जो हळू आवाज वर उचलतो, आधी मीटरवर २० डीबीच्या वर नाचत होता, त्यामुळेच शब्दांच्या मध्ये पंखा वर यायचा, तो पाच-सहा डीबीवर ठेवला. पूर्ण बंद करून पण बघितला, पण लांबच्या स्टेशनला थोडा कॉम्प्रेसर उपयोगी पडतो असं रेकॉर्डिंगमध्ये दिसलं म्हणून ठेवला. पाच किलोहर्ट्झवरच्या त्या स्टेशनची तक्रार इथे संपली, सांडणं हे सगळं जास्त गेनमुळे होतं.

मग बोलायची पद्धत. माइक दोन बोटांवर, तोंडासमोर सरळ नाही, थोडा तिरका, म्हणजे "प" आणि "फ" चा वारा आत जात नाही. पंखा बंद. मागच्या भिंतीवर काकींची एक जुनी गोधडी टांगली, माळ्यावरचा प्रतिध्वनी निम्म्याने उतरला, आणि सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात स्वस्त उपाय. आकडे सुटे सांगायचे, "साठ" म्हटल्यावर लगेच "सहा शून्य", "सात" म्हटल्यावर "शून्य सात". हे खरं तर यंत्राचं काम नाही पण तितकंच मोलाचं आहे.

निकाल

एक तपासणी रात्रीची केली, नेदरलँडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे कोणालाही घरबसल्या ऐकता येणारा रिसीव्हर, इंटरनेटवर उघडून. एवढ्या लांब ४० मीटरवर अण्णा जेमतेम गोंगाटाच्या वर येत होते, आणि मला तेच हवं होतं. सिग्नल दमदार असला की वाईट आवाज पण कळतो, कमजोर असला की कळतं व्यंजनं वाचली की नाही. पंधरा मिनिटांच्या अंतराने आम्ही जुनी सेटिंग आणि नवी सेटिंग पाठवली. जुनीत नुसता घुमणारा आकार, कोणीतरी बोलतंय एवढंच. नवीत "सत्तर, सात शून्य" ओळखू आलं. तेवढ्या वेळात बँडची स्थिती बदलली असू शकते, म्हणून उलट्या क्रमाने परत एकदा केलं, निकाल तोच.

मेच्या शेवटच्या रविवारच्या सरावात अण्णांनी निरोप दिला आणि पाचपैकी पाच स्टेशननी आकडे बरोबर लिहिले. कोल्हापूरच्या नेट कंट्रोलने रिपीट न मागता पुढच्या स्टेशनला बोलावलं, एवढंच. रेडिओवर ह्याहून मोठी पावती नसते.

स्टुडिओ माइक वाया गेला नाही, नात त्यावर गाणं रेकॉर्ड करते. हँड माइक जून लागल्यापासून रोज नेट झाल्यावर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत स्टीलच्या डब्यात जातो.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच दिवशी डमी लोड लावला असता तर दोन रविवार खणण्यात गेले नसते. त्याहून सोपं, पॉवर कमी करून बघायला दहा सेकंद लागतात, आणि पॉवर कमी केल्यावर करकर गेली तर संशय माइकवर नाही, आरएफवर घ्यायचा. हे मला आधीपासून पुस्तकी माहीत होतं, तरी लाईट गेल्याच्या योगायोगाने मी भुललो, कारण समोर तयार उत्तर दिसत होतं. बेळगावच्या रिपोर्टनंतर मी अण्णांना एवढं जरी विचारलं असतं, "अजून काय बदललंत?", तरी सगळं तिथेच उलगडलं असतं.

अँटेना बदलली तेव्हाच चोक लावायला हवा होता. डायपोल असताना हा त्रास नव्हता, एंड फेड लावली आणि त्याच महिन्यात नवा माइक पण आला, त्यामुळे जो फरक पडला त्याचं सगळं श्रेय, म्हणजे दोष, कधी माइकला तर कधी लाईटला मिळत गेला.

चोकच्या बाबतीत मी एक गोष्ट वेगळी केली असती. दोन्ही चोक आणि ट्रान्सफॉर्मरची जागा एकाच दिवशी बदलली, पाऊस तोंडावर होता म्हणून घाई केली. त्यामुळे नेमका कशाने किती फरक पडला हे आज मला सांगता येत नाही. एकावेळी एकच गोष्ट हा स्वतःच घातलेला नियम मी तिथे मोडला.

आणि रिपोर्ट. आमच्या नेटवर आता महिन्यातून एकदा प्रत्येकाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग दुसऱ्याने करून त्याला फाइल पाठवायची असं ठरलंय. पहिल्या महिन्यात अण्णांनी माझी फाइल पाठवली, सोबत लिहिलं होतं, "थ्री नाइन. कॉम्प्रेसर बघ." मी बघितला, खरंच जास्त होता.

एक काम बाकी आहे. हीच वायर अण्णा संध्याकाळी २० मीटरवर पण वापरतात आणि तिथे १०० वॅटवर देवघरातला बल्ब अजून किंचित थरथरतो, करकर ऐकू येत नाही पण थरथरतो. १४ मेगाहर्ट्झला चोक कमी पडतोय की घरात शिरणारी कोॲक्सची लांबी आडवी येतेय हे बघायचंय. पाऊस उघडला की गणपतीनंतर मी डमी लोड घेऊन परत जाणार आहे, तोवर २० मीटरवर पन्नास वॅटच्या वर जायचं नाही असं काकींनी सांगून ठेवलंय.